गोड्या पाण्याच्या राखणीचा जाहीर सन्मान : नेमका कोणाचा आणि कशासाठी?

काठावरून (प्रश्न)

नमस्कार. नद्या, तलाव, झरे, विहिरी आणि पाणथळ जागा यांची राखण करणाऱ्यांचा दरवर्षी जाहीर सन्मान करावा, असा एक उपक्रम काही स्वयंसेवी मंडळी मिळून सुरू करीत आहेत आणि त्याचे निकष लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अर्जाचा नमुना करायचा, परीक्षक नेमायचे, मानपत्राचा मजकूर ठरवायचा, एवढेच असेल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात पहिल्याच बैठकीत, सन्मान कशाचा करायचा यावर आमचे तीन तास गेले आणि तरीही एकमत झाले नाही.

माझी स्वतःची अडचण जुनी आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका निवडीत मी परीक्षक होते आणि आम्ही एका तलावाच्या स्वच्छतेला पहिला क्रमांक दिला होता. अर्जासोबत दोन छायाचित्रे होती. एकात काठापासून काठापर्यंत जलपर्णी, दुसऱ्यात मोकळे पाणी आणि त्यात पडलेले ढगांचे प्रतिबिंब. अडीचशे माणसे आठवडाभर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती वेल ओढून काढत होती, त्यामुळे शंका घेणेही कृतघ्नपणाचे वाटले. दोन वर्षांनी मी त्या काठावर गेले, तेव्हा जलपर्णी होती तशी परत आली होती आणि मानपत्र चौकटीत बसून भिंतीवर टांगलेले होते. तलावाला येऊन मिळणारा सांडपाण्याचा नाला वाहतच राहिला होता, आणि त्याविषयीचा एकही प्रश्न आमच्या अर्जात नव्हता.

त्याच वर्षी आणखी एक अर्ज आला होता. एक बाई अकरा वर्षे, दर पंधरवड्याला, आपल्या परिसरातील सहा विहिरींची पाणीपातळी वजन बांधलेली दोरी सोडून मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात, एवढाच त्यातील मजकूर. ‘यात दाखवण्यासारखे काय आहे?’ असे कोणीतरी विचारले आणि तो अर्ज बाजूला पडला. विचारणाऱ्यांत मीही होते.

आता पुन्हा तीच चूक नको आहे. सन्मान व्यक्तीचा करावा, गटाचा करावा की त्या जलाशयाचाच? काम झाल्यावर किती काळ थांबून पाहावे? आणि दिलेला सन्मान काढून घेता येईल अशी तरतूद असावी काय? ज्यांनी अशा निवडी जवळून पाहिल्या आहेत किंवा ज्यांचा पाण्याचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

निवळीचे बी

आपण विचारलेल्या प्रश्नांपैकी काळाविषयीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जलपर्णी हे लक्षण आहे आणि आजार आहे पाण्यात मिसळणारी पोषकद्रव्ये, मुख्यतः फॉस्फरस आणि नायट्रोजन. वनस्पती काढल्यावर पाणी मोकळे दिसते, परंतु तिला पोसणारा पुरवठा चालूच असतो, आणि काठाच्या आडोशाला राहिलेल्या थोड्या रोपांवरूनही पुढील हंगामात तलाव भरून जातो. त्यातही खाचखळगा असा की नाला बंद केल्यानंतरसुद्धा तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस, विशेषतः तळाशी प्राणवायू संपला की, पुन्हा पाण्यात विरघळतो आणि कित्येक वर्षे शेवाळाला खाऊ घालत राहतो. म्हणजे ज्यांनी खरोखर योग्य काम केले, नाला वळवला, त्यांच्या तलावाचे छायाचित्र पहिली काही वर्षे वाईटच येण्याची शक्यता आहे, आणि ज्यांनी वरवरचे काम केले त्यांचे छायाचित्र आठवडाभरात सुंदर येते. आधी-नंतरच्या छायाचित्रांवर निवड करणारी समिती नकळत दुसऱ्या गटाच्या बाजूने झुकलेली असते.

या संदर्भात पाण्याच्या क्षेत्रातील सर्वांत मानाचा समजला जाणारा स्टॉकहोम जल पुरस्कार पहिल्यांदा, म्हणजे १९९१ मध्ये, कोणाला मिळाला हे पाहण्यासारखे आहे. तो डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञांना मिळाला. त्यांनी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात, निव्वळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या लहान तलावांवर काम केले होते. त्यांपैकी २२६ क्रमांकाचा तलाव मध्यभागी अरुंद होता. १९७३ मध्ये त्या अरुंद जागी प्लास्टिकचा मजबूत पडदा टाकून त्याचे दोन भाग केले गेले, दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन सोडण्यात आले, आणि एका भागात त्याखेरीज फॉस्फरसही. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या एका बाजूला काळसर निवळ पाणी आणि दुसऱ्या बाजूला घट्ट हिरवे शेवाळ असे स्पष्ट दिसते. धुण्याच्या साबणचुऱ्यातील फॉस्फेटवर पुढे अनेक देशांत जी बंधने आली, त्यांमागील युक्तिवादाला या एका छायाचित्राने मोठे बळ दिले. येथेही छायाचित्रच होते, हे खरे. परंतु ते कारणाचे छायाचित्र होते.

मग किती थांबावे? नद्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रिव्हरप्राइझचा पहिला सन्मान १९९९ मध्ये इंग्लंडच्या मर्सी नदीच्या खोऱ्यातील मोहिमेला मिळाला. ती मोहीम १९८५ मध्ये, मुळातच पंचवीस वर्षांची म्हणून आखली गेली होती. सन्मान आला तेव्हा तिला चौदा वर्षे झाली होती. ऱ्हाइन नदीचे उदाहरण याहून बोलके आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळच्या रासायनिक गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी तांबडे झाले आणि मैलोगणती मासे मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी कृती कार्यक्रम हाती घेतला आणि सॅमन मासा नदीत परतणे ही त्याच्या यशाची खूण ठरवली. ऱ्हाइनच्या आंतरराष्ट्रीय आयोगाला रिव्हरप्राइझ मिळाले ते २०१४ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

आपल्याला इतके थांबणे परवडणार नाही, हे उघड आहे. तरीही काम संपल्यावर किमान तीन पूर्ण हंगाम गेल्याखेरीज अर्ज स्वीकारू नये, आणि ‘हे पाणी कशामुळे बिघडले होते आणि ते कारण आज कोणत्या स्थितीत आहे?’ हा अर्जातील पहिला प्रश्न असावा, असे मी आग्रहाने सुचवीन. सॅमनची कल्पनाही उचलण्यासारखी आहे. मासा परतला की नाही हे कोणालाही कळते, त्याला अहवाल लागत नाही. प्रत्येक अर्जदाराने आपल्या पाण्याची अशी एक खूण आधीच जाहीर करावी.

---

गाळपेर

निवळीचे बी यांच्याशी मी सहमत आहे, मात्र तीन हंगामांच्या अटीने एक नवा अन्याय होईल. तीन वर्षे काम टिकवणारा माणूस बहुधा तीन वर्षांत बदललेला असतो. सुरुवात एकाने केलेली असते, मधली कंटाळवाणी वर्षे दुसऱ्यांनी ओढलेली असतात आणि व्यासपीठावर तिसराच चढतो. त्यामुळे ‘कोणाचा सन्मान’ हा प्रश्न ‘किती थांबावे’ याच्याशी बांधलेलाच आहे.

व्यक्तींच्या सन्मानाला माझा सरसकट विरोध नाही. १९९३ मध्ये माधव चितळे यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला तेव्हा पाण्याचे नियोजन हा विषय मराठी घरांत बोलला गेला, हे मला आठवते, आणि एका नावाभोवती विषय लवकर गोळा होतो यात शंका नाही. २०१५ मध्ये तोच पुरस्कार राजेंद्र सिंह यांना मिळाला आणि राजस्थानातील जोहड, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवणारे मातीचे बांध, जगभर माहीत झाले.

परंतु त्याच परिसरातील त्याआधीची एक घटना मला अधिक मोलाची वाटते. अलवर जिल्ह्यातील भावता-कोल्याला या गावाला, अर्वरी नदीच्या उगमाकडील पाणलोट त्यांनी पुन्हा जिवंत केला म्हणून, एक पर्यावरण पुरस्कार देण्यात आला. तो अख्ख्या गावाला होता, आणि तो देण्यासाठी मार्च २००० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन स्वतः त्या भागात गेले. गावकऱ्यांना राजधानीच्या सभागृहात नेऊन, तीन मिनिटे उभे करून परत पाठवता आले असते. त्याऐवजी सन्मान देणाराच पाण्याजवळ गेला. यातून देणाऱ्याला बांध पाहावा लागतो, हा फायदा तर आहेच, पण शेजारच्या गावांसमोर ते घडते, हा त्याहून मोठा. पाणी राखण्याचा मोबदला शेजाऱ्यांच्या नजरेत मिळायला हवा, कारण नियम मोडायचा मोह होतो तेव्हा पाहणारेही तेच शेजारी असतात.

अर्वरीच्या खोऱ्यातील सुमारे सत्तर गावांनी पुढे आपली एक ‘संसद’ बनवली आणि उपसा किती करायचा, जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची की नाही, याचे नियम ठरवले. माझ्या मते सन्मान करण्याजोगी गोष्ट तीच आहे. बांध घालणे कठीण असते, पण बांधामागे पाणी साठल्यावर ते न उपसणे त्याहून कठीण, आणि न केलेल्या उपशाचे छायाचित्र काढता येत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलात समुद्राचे खारे पाणी शिरू लागले, तेव्हा तेथील उपसा करणारे एकत्र येऊन काय ठरवतात, हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता. सामायिक साधने टिकलेल्या ठिकाणी त्यांना जे वारंवार आढळले, त्यात एक गोष्ट ठळक आहे : कोण किती घेतो यावर लक्ष ठेवणारे तिथे असतात आणि ते वापरकर्त्यांना उत्तरदायी असतात.

म्हणून आपल्या त्या दोरीवाल्या बाईंना मी परीक्षक या नात्याने सर्वांत वर ठेवले असते. त्यांची वही नसेल तर वाद कशावर मिटवणार? मानपत्र गटाच्या नावे द्यावे, त्यात मोजणी करणाऱ्याचे, पाळी लावणाऱ्याचे, गाळ काढणाऱ्याचे नाव कामासकट लिहावे, आणि समारंभ काठावर करावा. पावसाने फजिती झाली तर होऊ द्यावी.

---

काठावरून

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काठावर समारंभ करण्याची सूचना समितीला आवडेल असे वाटते. सन्मान काढून घेण्याच्या तरतुदीवर मात्र आमच्यात तीव्र मतभेद आहेत. ‘दिलेला मान परत मागणे शोभत नाही’ असे एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला सहज झटकून टाकता येत नाही. याविषयी कोणी लिहील काय?

---

पाणकावळा

मान परत मागणे खरोखरच शोभत नाही, म्हणून त्याला आधीच मुदत घालावी. मुदत संपली की कोणाचा अपमान होत नाही, फक्त पुन्हा अर्ज करावा लागतो.

याचे नमुने तयार आहेत. पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झाला. त्याच्या अंतर्गत आपल्या पाणथळ जागा नीट सांभाळणाऱ्या शहरांना ‘पाणथळ शहर’ अशी मान्यता दिली जाते. पहिल्या अठरा शहरांना ती २०१८ मध्ये मिळाली. ही मान्यता सहा वर्षांची असते. पोहण्याच्या किनाऱ्यांसाठी असलेला ‘ब्लू फ्लॅग’ तर त्याहून कडक आहे. तो समुद्रकिनाऱ्यांमुळे अधिक परिचित असला, तरी तलावांच्या काठांनाही मिळतो. तो एका हंगामापुरताच असतो आणि त्या हंगामातच पाण्याचे नमुने निकषांत बसले नाहीत, तर झेंडा खाली उतरवला जातो. काठीवर झेंडा नाही, हे पाहायला कोणाला पत्रक वाचावे लागत नाही. भिंतीवरच्या चौकटीपेक्षा मला ही काठी अधिक प्रामाणिक वाटते.

रामसर व्यवस्थेतील दुसरी एक गोष्ट आपल्या समितीने अवश्य अभ्यासावी. ज्या नामांकित पाणथळ जागांची प्रकृती बिघडली आहे, त्यांची वेगळी नोंद ‘माँट्रो नोंदवही’त ठेवली जाते, ती १९९० पासून आहे. ओडिशातील चिल्का सरोवर गाळ आणि वनस्पतींच्या बेसुमार वाढीमुळे १९९३ मध्ये तिच्यात गेले. गाळाने समुद्राशी असलेली वाट कोंडली होती. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खणले गेले, २००२ मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आले, आणि त्याच वर्षी चिल्का विकास प्राधिकरणाला रामसरचा पाणथळ संवर्धन पुरस्कार मिळाला. (चिल्का निमखारे आहे, आणि तिथे दुखणेच गोडेपणा वाढल्याचे होते; त्यामुळे आपल्या उपक्रमात ते बसले नसते, ही गंमत वेगळी.) सांगायचा मुद्दा असा की बिघाडाची जाहीर नोंद आणि सुधारणेचा जाहीर सन्मान एकाच हाताने केला, म्हणून दोन्हींना वजन आले. जी समिती फक्त कौतुक करते, तिच्या कौतुकाचा भाव उतरतो.

आता एक सावधगिरी. लंडनमधून वाहणाऱ्या थेम्स नदीचा पट्टा १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हणून जाहीर झाला होता, आणि २०१० मध्ये त्याच नदीच्या पुनरुज्जीवनाला रिव्हरप्राइझ मिळाले. मासे परतले होते, सील दिसू लागले होते, त्यात खोटे काही नव्हते. तरीही त्या काळात मोठा पाऊस झाला की जुन्या गटारांतून पाऊस आणि मैला एकत्र नदीत सुटत होता, आणि तो अडवण्यासाठी पंचवीस किलोमीटर लांबीचा बोगदा पुढे खणावा लागला. मानपत्रात ‘काय अजून झालेले नाही’ याचा एक परिच्छेद ठेवायला काय हरकत आहे? मी स्वतः असे मानपत्र अभिमानाने लावीन.

---

कोरडी विहीर

सगळे इतक्या गांभीर्याने निकषांवर बोलत आहेत, म्हणून खर्चाचा प्रश्न विचारतो. या सन्मानाचे पैसे कोण देणार आहे? मी पाहिलेल्या एका समारंभात मुख्य प्रायोजक त्याच भूजलाचा सर्वांत मोठा उपसा करणारा होता, आणि विजेत्यांनी आभारप्रदर्शनात त्याचे नाव तीनदा घेतले. दुसऱ्या दिवशी उपशाविषयी तक्रार करायला त्यांच्यापैकी कोण जाणार?

उद्योगांना वगळावे असे मी म्हणत नाही. जबाबदार जलव्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात कारखान्याला आपल्या कुंपणाच्या आत किती पाणी वाचवले एवढे सांगून भागत नाही. ज्या पाणलोटातून तो पाणी घेतो त्याची अवस्था पाहावी लागते आणि तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून करून घ्यावी लागते. उद्योग अर्जदार म्हणून या कसोटीला उतरत असतील, तर अवश्य सन्मान करा. दाता आणि अर्जदार एकच नको, आणि ज्या पाण्याचा सन्मान आहे त्यातून उपसा करणारा किंवा त्यात सांडपाणी सोडणारा दाता तर नकोच. रोख बक्षीसही नको, असे माझे मत आहे. त्याऐवजी विजेत्या गटाच्या पाण्याची प्रयोगशाळेतील तपासणी पुढील तीन वर्षे उपक्रमाच्या खर्चाने व्हावी. त्या पैशांवरून भांडणे होणार नाहीत आणि मुदत संपताना आकडे हाताशी असतील.

---

काठावरून

प्रायोजकांविषयीचे बोलणे झोंबले, कारण आमच्या यादीतील पहिलेच नाव त्या प्रकारचे आहे. ते वगळण्याचा प्रस्ताव मी मांडते आहे. त्यासोबत मसुद्यात पुढील बदल करीत आहे : सन्मान गटाच्या किंवा गावाच्या नावे आणि तीन वर्षांच्या मुदतीचा, अर्जात छायाचित्रांऐवजी किमान तीन हंगामांच्या नोंदी, बिघाडाच्या कारणाविषयीचा प्रश्न सर्वांत आधी, आणि अपूर्ण कामांचा परिच्छेद मानपत्रातच. पहिला सन्मान या वर्षी देण्याचा हट्टही आम्ही सोडावा असे मला वाटते, कारण तीन हंगामांच्या नोंदी असणारे गट फारच थोडे निघतील.

यातूनच शेवटची अडचण उभी राहते. प्रयोगशाळा नसलेल्या, शिक्षण बेताचे असलेल्या गटांनी तलावाच्या नोंदी ठेवाव्यात तरी कशा? विहिरीला दोरी पुरते. तलावाला काय?

---

निवळीचे बी

तलावालाही दोरीच पुरते, फक्त तिच्या टोकाला तबकडी बांधावी लागते. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञांनी १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी वापरली, आणि तिचा सुधारलेला प्रकार आजही जगभरचे स्वयंसेवक वापरतात.

वीस सेंटिमीटर व्यासाची, न गंजणाऱ्या पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची गोल तबकडी घ्यावी. तिचे चार समान भाग करून आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवावेत. रंग चकचकीत नको. मध्यभागी भोक पाडून, पाण्यात न ताणणारी दोरी ओवावी, तबकडी आडवी बुडावी म्हणून खाली वजन बांधावे आणि दोरीवर दर दहा सेंटिमीटरला न पुसणारी खूण करावी. मोजणी दुपारच्या आसपास, ऊन असताना, होडीच्या सावलीच्या बाजूने करावी. तबकडी दिसेनाशी होते ती खोली लिहावी, मग थोडी अधिक सोडून सावकाश वर घ्यावी आणि ती पुन्हा दिसू लागते ती खोली लिहावी. दोन्हींची सरासरी ही त्या दिवसाची नोंद. शक्यतो दर वेळी त्याच माणसाने, त्याच जागी मोजावे, कारण नजरेनजरेत फरक पडतो.

पावसाळ्यात गढूळ पाण्याने आकडा घसरेल, तो शेवाळामुळे नसतो. म्हणून शेजारच्या रकान्यात पाण्याचा रंग आणि आदल्या दोन दिवसांचा पाऊस लिहायला सांगावे. तुमच्या त्या बाईंची वही कशी आखलेली आहे हे एकदा पाहता आले, तर रकाने त्यांच्याकडूनच घ्या. अकरा वर्षांत त्यांनी अनावश्यक रकाने केव्हाच गाळले असतील.